वंध्यत्व आणि वनौषधी : काय घ्यावे, काय घेऊ नये आणि त्याआधी काय तपासावे

लग्नाला दोन-तीन वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही की घरात एक प्रश्न फिरू लागतो. सुरुवातीला तो हळू आवाजात विचारला जातो, मग उघडपणे आणि बहुतेक वेळा एकाच व्यक्तीला, सुनेला. तिच्यासाठी कोणी मावशी गावाकडून पुडी आणते, कोणी शेजारीण मोबाईलवर आलेला नुस्खा पाठवते, कोणी यात्रेतील वैदूकडून बिया आणून देते. साधनेच्या निमित्ताने भेटणाऱ्या भगिनींशी बोलताना लक्षात येते की अशा पुड्या डब्यात साठत जातात. त्यातील कोणती कशासाठी होती हे खुद्द त्या भगिनीलाही सांगता येत नाही. एकीने तर असा डबाच समोर आणून ठेवला होता. त्यात अकरा पुड्या होत्या. पतीची तपासणी मात्र एकदाही झालेली नव्हती.

हा पाठ त्या डब्यासाठी आहे. वनस्पतींवर आपला विश्वास आहे आणि तो असावा. पण वनौषधी ही औषधी आहे, म्हणजे तिला गुण आहेत, मात्रा आहे, काळ आहे आणि दोषही आहेत. जिला गुण आहेत तिला दोष नाहीत असे मानणे हा आयुर्वेदाचा विचार नव्हे.

आयुर्वेद गर्भधारणेकडे कसा पाहतो

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, दुसऱ्या अध्यायात, गर्भ राहण्याची तुलना शेतातील अंकुराशी केली आहे. अंकुर फुटायला चार गोष्टी एकत्र याव्या लागतात : ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. पेरणीची वेळ चुकली तर उत्तम बियाणेही वाया जाते, जमीन कसदार असून बियाणे पोचट असेल तरी तेच होते. ऋतू म्हणजे गर्भधारणेला योग्य काळ, क्षेत्र म्हणजे गर्भाशय व त्याच्याशी जोडलेले अवयव, अंबू म्हणजे पोषण देणारा रस, आणि बीज म्हणजे स्त्रीबीज व पुरुषबीज दोन्ही.

चरकसंहितेतही उशिरा गर्भ राहण्याची कारणे सांगितली आहेत. त्यात योनीचे दोष आहेत, मनाचा ताप आहे, शुक्र व आर्तव यांचे दोष आहेत, चुकीचा आहार-विहार आहे, अयोग्य काळी झालेला संयोग आहे आणि शरीराचे बल कमी होणेही आहे. येथे थोडे थांबून विचार करावा. शुक्राचा दोष म्हणजे पुरुषाचा दोष हजारो वर्षांपूर्वीच्या ग्रंथात स्पष्ट लिहिलेला आहे. मग 'आपल्या परंपरेत बाईचेच तपासतात' हे कोठून आले? ते ग्रंथांतून आलेले नाही, आपण आणले आहे.

आजचे वैद्यकशास्त्र या चारही गोष्टी वेगळ्या शब्दांत तपासते. ऋतू कळण्यासाठी पाळीचे चक्र व स्त्रीबीज सुटण्याची वेळ पाहतात. क्षेत्रासाठी सोनोग्राफी व गर्भनलिकांची तपासणी असते. अंबूसाठी रक्त, थायरॉईड, साखर, हिमोग्लोबिन. बीजासाठी पुरुषाच्या वीर्याची तपासणी आणि स्त्रीच्या संप्रेरकांची. बारा महिने नियमित, कोणतेही साधन न वापरता संबंध ठेवूनही गर्भ राहिला नाही तर त्याला वंध्यत्व म्हणावे अशी जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आहे. स्त्रीचे वय पस्तीसच्या वर असेल तर सहा महिन्यांतच तपासणीला जावे. याच संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात साधारण सहापैकी एका व्यक्तीला आयुष्यात केव्हा ना केव्हा ही अडचण येते. म्हणजे आपल्या सत्संगात शंभर माणसे बसली असतील तर त्यातील कितीजण मुकाट्याने हे सोसत असतील याचा हिशेब आपला आपण करावा.

औषधी सुरू करण्याआधी

सर्वात स्वस्त, सर्वात सोपी आणि सर्वात जास्त टाळली जाणारी तपासणी म्हणजे पतीच्या वीर्याची. दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर नमुना द्यायचा असतो, सुई टोचावी लागत नाही. ही तपासणी होईपर्यंत भगिनीने एकही पुडी घेऊ नये, असे मी ठामपणे म्हणेन. जोडप्यातील अडचणींत पुरुषाकडील कारणाचा वाटा मोठा असतो, कधी एकट्याचा, कधी दोघांचा मिळून. तंबाखू, गुटखा, मद्य, अंडकोशातील फुगलेल्या शिरा, वयात आल्यावर उतरलेले गालगुंड, भट्टीजवळचे काम, ही कारणे बायकोने शतावरी घेऊन दूर होत नाहीत. तंबाखूची मिश्री मात्र आपल्याकडे अनेक स्त्रियाही लावतात. तीही बंद केली पाहिजे, कारण ती तंबाखूच आहे.

दुसरे म्हणजे क्षेत्र. गर्भनलिका बंद असतील तर स्त्रीबीज आणि पुरुषबीज यांची भेटच होत नाही. आपल्या देशात याचे एक मोठे कारण जननेंद्रियांचा क्षयरोग आहे. तो अनेकदा खोकला, ताप असे काही न दाखवता आत राहतो आणि नलिका व गर्भाशयाच्या अस्तराची हानी करतो. त्याचे औषध सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळते, पण ते वेळेवर सुरू व्हावे लागते. अशा रुग्णाने तीन वर्षे काढे घेण्यात घालवली तर ती तीन वर्षे परत मिळत नाहीत. स्त्रीबीजांची संख्या व गुण वयाबरोबर कमी होत जातात, पस्तिशीनंतर अधिक वेगाने. म्हणून 'वनौषधी घेऊन तर पाहू, तोटा काय' या म्हणण्यात तोटा आहे. वेळ हाच तो तोटा.

आता ऋतू. याला पैसे लागत नाहीत. स्त्रीबीज साधारणपणे पुढील पाळीच्या चौदा दिवस आधी सुटते. अठ्ठावीस दिवसांचे चक्र असेल तर चौदाव्या दिवसाच्या आसपास, पस्तीस दिवसांचे असेल तर एकविसाव्या दिवसाच्या आसपास. स्त्रीबीज जेमतेम एक दिवस टिकते, पुरुषबीज गर्भाशयमार्गात पाच दिवसांपर्यंत राहू शकते. म्हणजे महिन्यात सहाच दिवस खरे पेरणीचे. या दिवसांत अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा, बोटांत ताणला जाणारा स्राव दिसतो. पती परगावी नोकरीला आणि महिन्याच्या शेवटी दोन दिवस घरी येणार, अशी जोडपी आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांना औषधापेक्षा दिनदर्शिकेची गरज जास्त असते.

शतावरी, अशोक आणि इतर

शतावरीपासून सुरुवात करू, कारण तीच सर्वात जास्त वापरली जाते. काटेरी वेल, खाली बोटांसारख्या कंदमुळांचा झुबका. वापरायचे ते मूळच. आयुर्वेदात ती शीत, बल्य आणि स्त्रीच्या धातूंचे पोषण करणारी मानली आहे. परंपरेने तीन ते सहा ग्रॅम चूर्ण कोमट दुधातून देतात. तिच्यावर झालेले आधुनिक प्रयोग मुख्यतः प्राण्यांवरचे आहेत. ती घेतल्याने गर्भ राहण्याचे प्रमाण वाढते असे मोठ्या मानवी अभ्यासाने सिद्ध झालेले नाही. म्हणून तिच्याकडे पोषक म्हणून पाहावे, खात्रीचा उपाय म्हणून पाहू नये. कृश, अशक्त, पित्तप्रकृतीच्या भगिनीस ती मानवते. पण बाजारात मिळणाऱ्या शतावरी कल्पात साखर भरपूर असते. ज्या भगिनीला पीसीओएसचा त्रास आहे, वजन वाढले आहे, रक्तातील साखर सीमेवर आहे, तिने तो कल्प रोज दोन-दोन चमचे घेणे म्हणजे दुखण्याला खाऊ घालणे होय. तिने साधे चूर्ण, तेही वैद्याला विचारूनच घ्यावे. स्तन किंवा गर्भाशयाच्या गाठींचा इतिहास असेल तरी आधी विचारावे.

अशोकाच्या सालीचा उपयोग अति रक्तस्राव आणि अनियमित पाळीसाठी सांगितला आहे. साल दुधात उकळून केलेला क्षीरपाक आणि अशोकारिष्ट हे त्याचे प्रचलित प्रकार. येथे एक घोटाळा आहे आणि तो फार जुना आहे. बंगल्यांच्या कुंपणाला उंच सरळ वाढणारा, लांब नागमोडी पानांचा जो हिरवा वृक्ष आपण अशोक म्हणून ओळखतो, तो औषधी अशोक नव्हे. औषधी अशोक म्हणजे सीतेचा अशोक. तो पसरट वाढतो, त्याची कोवळी पाने तांबूस लोंबती असतात आणि केशरी-लाल फुलांचे गुच्छ खोडालाही लागतात. त्याची साल इतकी ओरबाडली गेली आहे की हा वृक्ष आता संकटग्रस्तांच्या यादीत आला आहे आणि त्याच्या नावाखाली दुसऱ्याच साली विकल्या जातात. घराजवळच्या कुंपणाची साल सोलून काढा करणाऱ्यांनी एवढे ऐकले तरी पुरे. अशोकारिष्टाबद्दल आणखी एक : सर्व आसव-अरिष्टांत किण्वनाने आपोआप तयार झालेला मद्यार्क असतो. गर्भ राहण्याची शक्यता असलेल्या दिवसांत ते वैद्याला विचारल्याशिवाय चालू ठेवू नये.

फलघृत हे अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात सांगितलेले सिद्ध तूप आहे. अनेक वनस्पतींच्या कल्कात तूप सिद्ध करतात. ते पचायला जड. अग्नी मंद असलेल्या, पोट फुगणाऱ्या, वजन जास्त असलेल्या स्त्रीला ते सरसकट देत नाहीत. चांगला वैद्य आधी पचन सुधारतो, मग तूप देतो. घरी करून पाहण्याची ही गोष्ट नव्हे.

अश्वगंधा सध्या प्रत्येकाच्या तोंडी आहे. पुरुषांच्या वीर्यावर तिचा चांगला परिणाम दिसल्याचे काही छोटे अभ्यास आहेत, त्यामुळे पतीच्या बाबतीत वैद्य ती विचारात घेतात. स्त्रीने मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ती थायरॉईडची संप्रेरके वाढवू शकते, म्हणून थायरॉईडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नये. आणि गर्भावस्थेत ती टाळावी. ज्येष्ठमधाचेही तसेच : गोड, सौम्य, घशाला बरे, पण जास्त दिवस घेतल्यास रक्तदाब वाढवते आणि शरीरातील पोटॅशियम कमी करते. गर्भिणीने ते औषधी मात्रेत घेऊ नये.

निर्गुडीविषयी एक छोटी सूचना. परदेशी संकेतस्थळांवर 'व्हायटेक्स' नावाची गोळी वंध्यत्वासाठी विकली जाते. ती भूमध्य समुद्राकाठच्या वेगळ्या झुडपाची आहे, जिचा परिणाम प्रोलॅक्टिन या संप्रेरकावर होतो. आपल्या बांधावरची निर्गुडी त्याच कुळातील असली तरी तिची जागा सांधेदुखीत आहे. नाव जुळले म्हणून गुण जुळत नाहीत.

पाळी आणणाऱ्या औषधांपासून सावध

ही गोष्ट वेगळी सांगण्यासारखी आहे, कारण येथे नुकसान झाल्याचे कळतही नाही. पाळी लांबली की अनेक घरांत ती 'मोकळी' करण्याचे औषध दिले जाते. कोरफडीचा रस, हिंग, कच्ची पपई, तीळ-गुळाचा कडक काढा किंवा दुकानातली रजःप्रवर्तिनी वटी. या वटीत कोरफड, हिंग, कासीस, टाकणखार असतात. नावच सांगते की तिचे काम पाळी आणणे आहे. आता ज्या भगिनीला मूल हवे आहे, तिची पाळी लांबली तर त्याचे एक कारण गर्भ राहिला असणे हेही असू शकते. ती वंध्यत्वासाठी उपचार घेते आहे, घरातले कोणीतरी पाळी आणण्यासाठी गोळी देते आहे, दोघांनाही एकमेकांचे माहीत नाही. म्हणून नियम साधा ठेवावा : पाळी चुकल्यावर प्रथम गर्भाची चाचणी करावी. औषधाचा विचार त्यानंतर.

पुत्रप्राप्तीच्या बिया

शिवलिंगीच्या बिया, पुत्रंजीव किंवा पुत्रजीवक, वडाचे कोंब, लक्ष्मणा. यांच्याभोवती सर्वात मोठी आशा आणि सर्वात मोठी फसवणूक आहे. शिवलिंगीच्या बीचा आकार शिवलिंगासारखा दिसतो, एवढ्या साम्यावर लोकांनी तिला पुत्र देण्याचे सामर्थ्य बहाल केले. लक्ष्मणा म्हणजे नेमकी कोणती वनस्पती यावर तर वैद्यांमध्येच एकमत नाही. कोणी एका वेलीला म्हणतो, कोणी दुसऱ्याच कंदाला. मग बाजारातल्या 'अस्सल लक्ष्मणा'च्या पुडीत काय आहे?

गर्भाचे लिंग पुरुषबीज ठरवते, तेही गर्भधारणेच्या क्षणी. नंतर घेतलेली कोणतीही बी ते बदलत नाही. पण ती काहीच करत नाही असेही नाही. हरियाणात गर्भावस्थेच्या सुरुवातीला मुलगा व्हावा म्हणून दिल्या जाणाऱ्या अशा देशी औषधांचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांचा संबंध मृत बालक जन्मणे आणि जन्मजात व्यंगे यांच्याशी आढळला. ज्या नऊ महिन्यांसाठी इतकी वर्षे वाट पाहिली, त्याच्या पहिल्या दोन महिन्यांत, बाळाचे अवयव घडत असताना, ही बी दिली जाते. आणि मुलगाच हवा हा हट्ट घरात असेल तर औषधाची चर्चा बाजूला ठेवून आधी त्या हट्टाची चर्चा करावी. गर्भलिंग निवडीस १९९४ च्या कायद्यानेही बंदी आहे.

धातूंचा प्रश्न

वनस्पती म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत कधी कधी वनस्पतीशिवाय इतरही असते. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात सहा गर्भवती स्त्रियांच्या रक्तात शिशाचे धोकादायक प्रमाण आढळले. त्यातील बहुतेक भारतात जन्मलेल्या होत्या आणि सर्वजणी भारतातून आणलेल्या आयुर्वेदिक गोळ्या घेत होत्या. काहींनी त्या गर्भ राहावा किंवा बाळ निरोगी, मुलगा व्हावा म्हणून घेतल्या होत्या. शिसे आईच्या रक्तातून नाळेवाटे बाळाकडे जाते आणि त्याच्या मेंदूच्या वाढीला बाधा आणते. शुद्ध केलेल्या धातूंची भस्मे ही आयुर्वेदातील एक स्वतंत्र विद्या आहे, पण गर्भधारणेचा प्रयत्न करणाऱ्या स्त्रीच्या हातात बिननावाची, लेबल नसलेली गोळी देणे ही विद्या नव्हे.

म्हणून ज्या औषधावर घटकांची यादी, परवाना क्रमांक, तुकडी क्रमांक व मुदतीची तारीख नाही ते घेऊ नये. 'शंभर टक्के गर्भ राहील' अशी जाहिरात दिसली तर ती करणाऱ्यापासून दूर राहावे. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यात ज्या रोगांवरील उपचारांची जाहिरात करण्यास मनाई आहे त्या यादीत स्त्रियांचे वंध्यत्वही आहे. पदवीधर, नोंदणीकृत वैद्य असे आश्वासन देत नाही. तो आधी तुमचे रिपोर्ट मागतो.

ज्याचा खरोखर उपयोग होतो

पीसीओएसमुळे पाळी अनियमित असलेल्या आणि वजन जास्त असलेल्या भगिनींत वजन पाच ते दहा टक्के कमी झाले तरी अनेकींचे स्त्रीबीज पुन्हा नियमित सुटू लागते. ऐंशी किलो वजन असेल तर चार ते आठ किलो. हे ऐकायला साधे वाटते, पण कोणत्याही पुडीपेक्षा याला पुरावा भक्कम आहे. रोज अर्धा-पाऊण तास भरभर चालणे, सूर्यनमस्कार, रात्रीचे जेवण लवकर, मैद्याऐवजी ज्वारी-नाचणी, उसळी, पालेभाज्या, फोडणीत आवरते तेल. उपवासाच्या दिवशी साबुदाणा आणि बटाटे भरून खाणे हा उपवास नव्हे, हे येथे सांगितलेच पाहिजे. उलट ज्या भगिनी फार कृश आहेत आणि कडक उपवासांनी ज्यांची पाळी थांबली आहे, त्यांनी उपवास सोडून खावे. व्रत मोडल्याचा दोष मनात आणू नये.

गर्भधारणेची इच्छा असेल तेव्हापासूनच, म्हणजे निदान एक महिना आधीपासून, रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी घ्यावी. बाळाच्या मेंदू व मणक्यातील व्यंग टाळण्यासाठी ती आहे आणि केवळ पालक-मेथीवर अवलंबून राहून चालत नाही. हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्यावेत. डॉक्टरांनी स्त्रीबीज सुटण्याच्या गोळ्या दिल्या असतील तर वैद्याला, आणि वैद्याने काढे दिले असतील तर डॉक्टरांना, त्याची यादी लिहून दाखवावी. लपवू नये. दोघांपैकी कोणी रागावला तर त्याचा राग सहन करावा, औषधांची टक्कर सहन करू नये.

चरकाने सांगितलेला मनाचा ताप शेवटी ठेवला आहे, पण तो लहान नाही. ध्यान, जप, प्राणायाम यांनी गर्भ राहतो असा दावा मी करणार नाही. दर महिन्याला पाळी आली की जे रडू येते, जे बारशाच्या निमंत्रणाने मन आक्रसते, त्याला सकाळची वीस मिनिटे शांत बसल्याने आधार मिळतो, एवढे अनुभवाने सांगता येते. आणि त्या वीस मिनिटांत पतीनेही शेजारी बसावे. सासूबाईंना एक विनंती : हळदीकुंकवाला तिला मागे ठेवू नका आणि 'काही आहे का?' हा प्रश्न दर महिन्याला विचारू नका. असेल तेव्हा ती स्वतःच सांगेल.

चाचणीत दोन रेघा आल्या की त्याच दिवशी डब्यातील सर्व चूर्णे, वट्या, अरिष्टे बंद करावीत आणि प्रत्येकीचे नाव एका कागदावर लिहून, तो कागद व पुड्या घेऊन डॉक्टरांकडे जावे. फॉलिक ॲसिड मात्र चालू ठेवावे. ज्या पुडीचे नाव लिहिता येत नाही ती कोणालाही देऊ नये, शेजारणीलाही नाही.